झाकणतात्या

दुधाच्या किटलीचं झाकण काढून, ते उलटं धरून नाकाशी न्यायचं आणि एका श्वासात त्या घरातली बातमी सांगायची, हे करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आळेफाट्याहून पिंपरी पेंढारकडे जाताना डावीकडे उसात शिरणारा एक रस्ता आहे. त्याच्या टोकाला आमची वाडी, आणि वाडीच्या तोंडाशी पत्र्याच्या छपराची दूध संस्था. तिथे दूध तपासून घ्यायचं काम या माणसाकडे होतं. त्यांचं खरं नाव मतदार यादीपुरतं उरलेलं. बाकी साऱ्या गावाला ते झाकणतात्या.

"काल कांद्याची पात घातली का रं गायीला? असं दूध चहात घालून पी बरं तूच." "सून माहेरी गेली जनू. धार तू काढलीस." "घरात कुनी आजारी हाय का? बामाचा वास येतोय." हे सगळं रांगेत उभ्या माणसांसमोर, मोठ्यांदा. त्यामुळे वाडीत कुणाचं काय चाललंय हे सकाळी सात वाजेपर्यंत जाहीर झालेलं असे. मी तेव्हा शिक्षण संपवून नोकरीची वाट बघत घरी बसलो होतो आणि रोज आमची किटली घेऊन जात होतो. मला यात काही चमत्कार वाटत नसे. दूध वास धरतं, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. जो हात धार काढतो, त्याचा वास दुधात उतरणारच. संस्थेतला पेपर मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचो, म्हणून तात्यांनी मला नोकरी लागायच्या आधीच 'मास्तर' करून टाकलं होतं.

एवढी कीर्ती असलेलं ते नाक दिसायला अगदी साधं होतं. बसकं, थोडं डावीकडे कललेलं. पण त्याची निगा ते एखाद्या नवरीसारखी राखत. तंबाखू नाही, विडी नाही, वासाचा साबण नाही. लग्नात कुणी हातावर अत्तर लावलं की ते मांडवाबाहेर जाऊन मातीनं हात घासत. कांद्याच्या मुलखात जन्म काढून हा गृहस्थ दुपारपर्यंत कांद्याला शिवत नसे. "नाक म्हंजी आपलं हत्यार हाय," ते म्हणत. संस्थेत फॅट मोजायचं यंत्र आलं तेव्हा लोकांना वाटलं, तात्या रुसणार. ते कुठले रुसतायत! त्यांनी यंत्राला हार घातला आणि म्हणाले, "ह्यो फ्याट सांगंल, मी घर सांगतो. दोगं मिळून करू."

एकदा त्यांनी एका शेतकऱ्याची किटली हुंगली आणि झाकण तसंच हातात धरून विचारलं, "तुझ्या गोठ्यामागं ऊस हाय न्हवं? आज पोरास्नी तिकडं सोडू नको. वाघरू बसलंय." आमच्या तालुक्यात बिबट्या म्हणजे शेजारीच, उसाच्या मालकापेक्षा तोच उसात जास्त राहतो. तरी दुधावरून बिबट्या ओळखणं हे मला जास्तीच वाटलं. मी हसलो. गोठ्यामागच्या ओल्या मातीत पंजांचे ठसे सापडले आणि वनखात्याने लावलेल्या पिंजऱ्यात तिसऱ्या दिवशी मादी अडकली. तात्यांचं म्हणणं, भ्यालेल्या गायीच्या दुधाला लोखंडाचा वास येतो. मी नंतर हे बऱ्याच जाणकारांना विचारलं. कुणी हो म्हणालं नाही.

तात्या झाकण एकदाच हुंगत. हा त्यांचा नेम होता. रांग मोठी असो, लहान असो, एक श्वास, एक वाक्य, पुढची किटली. म्हणून एका सकाळी त्यांनी वाडीतल्या बबनचं झाकण दुसऱ्यांदा नाकाशी नेलं तेव्हा रांगेतली कुजबूज थांबली. त्यांनी ते धोतराच्या सोग्यानं पुसलं, पुन्हा हुंगलं. दूध स्वतःच्या हातानं ओतून घेतलं आणि बबनला म्हणाले, "आज रानात जाऊ नको. म्हाताऱ्याजवळ बस जरा." बबनचा बाप तेव्हा ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता, ठणठणीत. आठव्या दिवशी तो गेला.

त्यानंतर आणखी दोन घरांत असं झालं. वाडीत त्यावर उघड कुणी बोलत नसे. पण किटली पुढे करताना बायका दुसरीकडे बघायला लागल्या, आणि तात्यांनी झाकण खाली ठेवलं की सुटल्यासारखा श्वास सोडायला लागल्या. मी योगायोग म्हणत होतो. म्हातारी माणसं मरतात, त्याला दुधाची परवानगी लागत नाही, असं मी पारावर बसून सांगितलंही होतं.

मग एका सकाळी त्यांनी आमचं झाकण दोनदा हुंगलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, आज पेपर ऱ्हाऊ दे. घरी जा. दादांजवळ बस जरा." दादा म्हणजे माझे वडील. मला राग आला. मी मुद्दाम तासभर पेपर वाचत बसलो. पुढच्या आठवड्यात दादा विहिरीवरून आले, पाणी मागितलं आणि पाणी यायच्या आत गेले. तो एक तास मी पेपर का वाचला, हे मला आजपर्यंत स्वतःला सांगता आलेलं नाही.

दहावं झाल्यावर मी तात्यांना गाठलं आणि विचारलं, कसला वास येतो तुम्हाला त्या वेळी? त्यांनी हातातली किटली धुऊन उपडी घातली. मग म्हणाले, "येत न्हाई. तीच तर गोष्ट हाय. परत्येक घराचा वास असतो, मास्तर. चुलीचा, गोठ्याचा, मानसांचा. कुनी जायचं असलं की त्यो आधी जातो. दूध निसतं पांढरं ऱ्हातं." आणि थोड्या वेळानं, "मला नगं हाय हे. पन नाक काय काढून ठिवता येतंय?" त्यांचे डोळे भरले होते. त्या दिवसापासून मी त्यांची थट्टा केली नाही. विश्वास ठेवला, असंही नाही. आम्ही शिकलेली माणसं मध्येच कुठेतरी लोंबकळत असतो.

पुढे मला फाट्यावरच्या ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची नोकरी लागली आणि मी खराच मास्तर झालो. किटली सुटली नाही. आमची कपिली म्हणजे गावठी गाय, दूध बेताचं, पण आईच्या हट्टापायी तिचं दूध संस्थेत जात राहिलं. आणि मग कंपनी आली. फाट्यापलीकडच्या माळावर दुधाचा मोठा प्रकल्प उभा राहायचा होता. सरकारचं धोरण असं, की गावोगावच्या लहान संस्थांना थोडं थोडं देत बसण्यापेक्षा एका मोठ्या कंपनीला जमीन, वीज, करात सूट द्यायची. ती दूध पावडर परदेशी पाठवील, देशाचं बळ वाढेल आणि तिच्यामागून तालुका वर येईल. अनुदानसुद्धा कंपनीच्या शीतकेंद्रात माप झालेल्या दुधालाच. आमच्या संस्थेनं जागा कंपनीला द्यायची की नाही, यासाठी शाळेच्या पटांगणात सभा बसली.

मी बोललो, आणि चांगलं बोललो. मोठ्या उद्योगाशिवाय कुठलाही देश वर आलेला नाही, हे उदाहरणं देऊन सांगितलं. शेवटी म्हणालो, "सरकारनं शंभर खड्ड्यांत तांब्या तांब्या पाणी ओतायचं, का एका मोठ्या पाटात सोडायचं? पाट वाहिला की सगळी रानं भिजतात." टाळ्या पडल्या. येडगाव धरणाच्या पाटावर जगणाऱ्या लोकांना ते पटकन समजलं. तात्या मागे भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "मास्तर, पाटाचं पानी टेलच्या वावराला कवा पोचतं, ते टेलच्या मानसाला इचार की." लोक हसले. मीही हसलो. पाटाच्या शेवटच्या टोकाला कुणाची शेतं असतात आणि तिथे पाणी कधी येतं, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण टेलची माणसं त्या सभेत फार नव्हती.

गंमत म्हणजे हात वर करायची वेळ आली तेव्हा तात्यांचा हात पहिला वर गेला. मला आश्चर्य वाटलं. ते म्हणाले, "मास्तर आपल्यातला हाय, शिकलेला हाय. शिकलेल्याचं आयकायचंच न्हाई, तर पोरं शाळंत घालायची कशाला? पन एक हाय. पैल्या टँकरचं झाकन मी हुंगनार." कंपनीचे साहेब हसून म्हणाले, "काका, दहा टँकरचं हुंगा." ठराव मंजूर झाला.

पहिला टँकर भरला त्या दिवशी सकाळी दहाचं ऊन होतं. नारळ फुटला, पेढे वाटले. साऱ्या वाडीचं दूध त्या एका पांढऱ्या पोटात एकत्र झालेलं. तात्या अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून आले आणि मागची शिडी चढून वर गेले. वरचं गोल झाकण उघडून ते त्यावर वाकले. खाली बायकापोरं, साहेब, सरपंच, सगळे वर बघत होते. त्यांनी हुंगलं. मग पुन्हा हुंगलं. टोपी काढून खिशात घातली आणि तिसऱ्यांदा वाकले. कुणाचं तरी लहान मूल रडायला लागलं, त्याला आईनं तोंडावर हात ठेवून गप्प केलं.

खाली उतरून त्यांनी माझं मनगट धरलं. हात गारठला होता. "वास न्हाई, मास्तर," ते माझ्यापुरतं बोलले. मी म्हणालो, "तात्या, गार दूध आहे ते. मशीनमध्ये थंड केलेलं. थंड दुधाला वास येतच नाही." हे बऱ्याच अंशी खरंही आहे. त्यांनी मान हलवली. "असंल. गारच हाय ते." दोन पावलं जाऊन ते वळले. "पन दादांच्या टायमाला कोमट व्हतं."

एकेका घरातलं माणूस जाणार हे कळलं, तरी ते मनाला लावून घेत. इथे तर अख्खी वाडी होती. दुसऱ्या दिवसापासून तात्या घरोघर फिरायला लागले. दूध शीतकेंद्रावर जायच्या आधी, गोठ्यातच, कोमट असताना झाकण हुंगायला मागायचे. पहिले काही दिवस लोकांनी हुंगू दिलं. प्रत्येक घरी ते दोनदा हुंगत आणि झाकण परत देऊन पुढे जात. मग बायका त्यांना येताना पाहून गोठ्याचं फाटक लावून घ्यायला लागल्या. ज्या माणसाची उभी हयात झाकणं उघडण्यात गेली, त्याच्या तोंडावर वाडी झाकणं मिटत होती. मला ते बघवत नव्हतं.

मला वाटलं, नाकच गेलं असेल. साथीची वर्षं होती ती, पुष्कळांचा वास जात होता. मी त्यांना मारुतीच्या पारावर बसवलं, डोळे मिटायला सांगितलं आणि कागदात बांधून आणलेल्या वस्तू एकेक नाकाशी धरल्या. "कापूर. जुना हाय." "सुकट." तिसऱ्या पुडीत नुसतं मातीचं ढेकूळ होतं. ते लगेच म्हणाले, "ही तुमच्या हिरीकडली. दादा जिथं बसायचे तिथली." मी डोळे उघडा म्हणालो नाही. मलाच थोडा वेळ हवा होता. ढेकूळ मी खरोखरच विहिरीवरून, दादांच्या दगडाशेजारून उचललं होतं.

म्हणजे नाक शाबूत होतं. मग मी विचार करून दुसरं कारण शोधलं, आणि तेही खोटं नव्हतं. पहिला टँकर भरायच्या आधीच कंपनीने सगळ्यांना एकाच जातीच्या गायी घेऊन दिल्या होत्या, एकच गोळीपेंड दिली होती, धारा यंत्रानं काढायला शिकवलं होतं. हातच लागत नाही, तर वास कुठून येणार? तात्यांनी नीट ऐकलं. "मंजी गाव जात न्हाई. निसता वास गेलाय." मी म्हटलं, हो. त्यांचा चेहरा किती दिवसांनी सैल झाला. मग ते म्हणाले, "तुझ्या आईची कपिली कंपनीची पेंड खात न्हाई. धार बी आईच काढती. तिचं झाकन हुंगतो. तिथं वास आला, तर तुझं खरं. मी सुटलो."

याच्याइतकं सोपं काही नव्हतं. पण आई त्या आठवड्यात अंथरुणावर होती. खोकला, थोडा ताप. डॉक्टर म्हणाले होते, काळजी नको. धार तेवढी ती उठून काढत होती, कपिली दुसऱ्या हाताला उभी राहत नसे म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या दारात आले. किटली ओट्यावर होती, दूध अजून फेसाळलेलं. त्यांनी हात पुढे केला आणि मी झाकणावर माझा तळहात दाबून धरला.

मी काही ठरवलं नव्हतं. हात आपोआप गेला. "आज राहू द्या तात्या," मी म्हणालो. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग घरातल्या काळोखाकडे. आत आई खोकली. "बरी हाय न्हवं ती?" "बरी आहे." "मंग ऱ्हाऊ दे, मास्तर," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसत नाही. उसाच्या कडेनं ते हळूहळू गेले. पटांगणात उभा राहून मोठमोठ्या गोष्टी सांगणारा, योगायोगावर व्याख्यान देणारा मी, त्या झाकणावर हात ठेवून ते दिसेनासे होईपर्यंत तसाच उभा होतो.

त्यानंतर बाराव्या दिवशी तात्या गेले. जुन्या संस्थेच्या पायरीवर, भिंतीला टेकून, सकाळच्या उन्हात बसलेले सापडले. मातीला गेलो तेव्हा तात्यांच्या बायकोनं, काकींनी, मला बाजूला बोलावलं. "तुमच्याकडं आले त्या दिशी आधी घरचं झाकन हुंगलं व्हतं त्यांनी," त्या म्हणाल्या. "आमची गाय बी कंपनीचीच. लई येळ हुंगलं. म्हनले, मास्तरकडं जाऊन येतो. तिथं वास आला तर गावाची काळजी मिटली, मंग माझं काय बी हू दे. आले तसं धड जेवले न्हाईत. काय झालं व्हतं ओ तिथं?" मी काही झालं नाही म्हणालो. खरंच काही झालं नव्हतं. एका झाकणाचा प्रश्न होता, ते मी उघडू दिलं नाही. गाव राहणार की जाणार, हे न कळताच तो माणूस गेला.

आई आठ दिवसांत बरी झाली. याला तीन वर्षं झाली. रस्ता रुंद झाला, प्रकल्पावर दिवे आले, ज्यांचे मोठे गोठे होते ते आणखी मोठे झाले. आणि हे सगळं खरं आहे, मी ते वर्गात शिकवतो. एकदोन गायींचं दूध केंद्राला परवडेनासं झालं, तेव्हा ती घरं आधी गायी विकून मोकळी झाली आणि मग चाकणच्या कारखान्यांकडे गेली. बबनच्या घराला कुलूप आहे. फाटक लावून घेणाऱ्या त्या बायकांपैकी निम्म्या आता इथे नाहीत. मुलं विचारतात, सर, सरकारनं मोठ्यांनाच बळ द्यावं का? मी फळ्यावर दोन्ही बाजू लिहितो. पूर्वी एकच लिहायचो. कुणी मेलं नाही, असं मी स्वतःला समजावतो, पण संध्याकाळी वाडीतून चालताना ओळीनं अंधारे गोठे लागतात, तेव्हा पावलं उगीच भरभर पडतात.

कपिली आहे. धार अजून आईच काढते. तात्या गेल्यापासून रोज सकाळी मी किटलीचं झाकण काढतो, उलटं करतो आणि नाकाशी धरतो. एक श्वास. गवताचा, चुलीच्या धुराचा, आईच्या हाताच्या लसणाचा वास येतो. मग तात्यांच्या बंद घराच्या दिशेला तोंड करून मी हळूच म्हणतो, "वास येतोय, तात्या." उशीर झाला आहे हे मला कळतं. तरी म्हणतो.

आज सकाळी मी झाकण दोनदा हुंगलं. मग कॉलेजात फोन करून येत नाही म्हणून सांगितलं, आणि आईजवळ जाऊन बसलो.